दोरीला बांधलेली शर्यत

अपंगांवर दया करणाऱ्या माणसाला एकदा तरी नुसत्या चड्डीवर, थंडीत, दोन तास उभं करून ठेवावं, अशी माझी फार जुनी इच्छा आहे. समोर खुर्च्या मांडाव्यात, त्यांवर आम्ही बसावं, अंगावर शाली घ्याव्यात, आणि एकेकानं उठून त्याच्या दोन धडधाकट पायांबद्दल माइकवरून हळहळ व्यक्त करावी. मग त्याला पाण्यात सोडावं. ही इच्छा पुरी होण्याची चिन्हं नाहीत. तेव्हा उलट बाजूनं हा प्रकार कसा दिसतो तेवढं सांगतो. त्या बाजूला मी स्वतः उभा होतो. डिसेंबरात, धुळ्याला, निळ्या चड्डीवर.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी चोविशीत होतो. जळगावजवळच्या असोद्याचा, केळी आणि कापूस करणाऱ्या घरातला. डावा पाय पोलिओनं लहानपणीच बारीक करून ठेवलेला. त्याला मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. चालताना तो खाडखाड वाजायचा, त्यामुळे माझ्याविषयी बोलत असलेल्यांना विषय बदलायला भरपूर वेळ मिळत असे. तेव्हा आम्हाला अपंग म्हणत. पुढे सरकारनं आम्हाला नवा शब्द दिला. पाय आहे तोच आहे.

पोहायला मला काकांनी शिकवलं. त्यांना अख्खी गल्ली आबा म्हणायची. आमच्याकडची पद्धत सोपी होती. शिकणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा, त्याचं दुसरं टोक विहिरीच्या काठावर मोठ्या माणसानं धरायचं, आणि शिकणाऱ्याला आत लोटून द्यायचं. तिसऱ्या दिवशी मी पाण्यातून ओरडलो, "आबा, धरजा बरं!" वरून उत्तर आलं, "काय धरू? दोरी तं कव्हाचीच सोडेल हाये! पोहय मुकाट्यानं!" मी भीतीनं हातपाय मारले, म्हणजे हात मारले आणि एक पाय, आणि पोहायला लागलो.

सोळाव्या वर्षापर्यंत आमच्या शिवारातल्या चार विहिरींमध्ये दोन पायांचा एकही गडी मला मागे टाकू शकत नव्हता. पण गावानं ते कधी मोजलं नाही. मी कुणाला हरवलं की काठावर बसलेले म्हणायचे, "जाऊ दे, त्यानं जिंकू देलं त्याले." मी पहिला यायचो आणि श्रेय हरणाऱ्याच्या चांगुलपणाला मिळायचं. सात-आठ वर्षं हे ऐकलं. माणसाला यानं किती तहान लागते, ते ज्याच्यावर कधी कुणी दया केली नाही त्याला कळणार नाही.

म्हणून वर्तमानपत्रात जेव्हा वाचलं की धुळ्यातलं व्यापाऱ्यांचं एक सेवाभावी मंडळ जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्ह्यांतल्या अपंगांसाठी फ्रीस्टाइल पोहण्याची स्पर्धा भरवतंय, अंतर पन्नास मीटर, आणि पहिल्या आलेल्या एकाला पुण्याच्या राज्य स्पर्धेला पाठवणार आहे, तेव्हा मी जेवताजेवता उठलो. जागा एकच होती. पुण्याला कुणी मला जिंकू देणार नव्हतं, आणि पुण्याला जाण्यासाठी धुळ्याला पहिलं येणं भाग होतं. मी गावभर सांगून टाकलं की मी पुण्याला चाललो. गावच्या शिंप्याकडून चड्डी शिवून घेतली. त्यानं ती शाळेच्या गणवेशाच्या निळ्या कापडाची शिवली आणि सवयीनं तिला दोन खिसे ठेवले.

एसटीनं धुळ्याला पोचलो तेव्हा पोहण्याच्या तलावाभोवती मांडव होता. पताका होत्या, लाउडस्पीकर होता, सनईची कॅसेट होती. एखाद्याचं लग्न असावं तसा थाट. पाण्याची पूजा झाली. हळदीकुंकू पाण्यात पडलं, त्यावर फुलं पडली, फोडलेल्या नारळाचं एक भकलं गडगडत जाऊन खोल बाजूला बुडालं. मग पाहुण्यांचे सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, टाळ्या. शाल, नारळ, टाळ्या. एका पाहुण्याचा सत्कार चुकून दोनदा झाला आणि त्यानं दोन्ही वेळा तितक्याच संकोचानं मान वाकवली. आम्ही पाच स्पर्धक तोवर उघड्या अंगानं रांगेत उभे. पाचांतल्या दोघांनी पाण्याकडे एकदा नीट पाहिलं, कपडे घातले आणि नाश्त्याच्या टेबलाकडे गेले. त्या दिवशी तिथं शहाणे असे तेवढेच दोघे होते.

उरलो तिघं. माझ्या उजवीकडे एक धुळ्याचाच गडी उभा होता. विणकरांच्या घरातला, माझ्याच वयाचा, उजवा हात कोपराखाली नसलेला. लूमच्या पट्ट्यात गेलेला. पांझरा नदीच्या डोहात पोहायला शिकला होता आणि त्याचे खांदे पाहून मला पहिल्या मिनिटातच कळलं की माझी शर्यत याच्याशी आहे. त्यालाही कळलं असावं, कारण त्यानं माझ्या चड्डीकडे पाहून विचारलं, "कहाँ का है?"

"असोदा. जळगाव."

"केलेवाला! जेब कायके लिए रखे रे? केले भर के लाया क्या?"

"तू हरलास की तुला द्यायला," मी म्हणालो.

तो इतक्या मोठ्यानं हसला की माइकवरचे पाहुणे थांबले. त्या घटकेपासून मी त्याला धुळेवाले म्हणायला लागलो आणि तो मला केलेवाले. एकमेकांचं खरं नाव आम्हाला दुपारपर्यंत विचारावंसं वाटलं नाही.

डावीकडचे तिसरे होते शिंदखेडा तालुक्यातले एक शाळामास्तर. दोन्ही पाय अधू, अंगानं चांगले भरलेले, चष्मा तसाच डोळ्यांवर. ते खाली सतरंजीवर बसून होते आणि ओठ हलवत होते. मला वाटलं श्लोक म्हणतायत. मी वाकलो तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाले, "भाऊ, माले पव्हता येस नई."

"मग आलात कशाला, गुरुजी?"

"मना हेडमास्तरनी धाडं. वरतून पत्र व्हतं, तालुकाना एक तरी अपंग पाहिजे म्हने. आते काय करू? बठ्ठा लोके देखी ऱ्हायनात."

सगळे लोक पाहत होते हे खरंच होतं. इतक्यात मंडळाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. सरकीचे मोठे व्यापारी, सगळे त्यांना शेठ म्हणत. मनानं मऊ माणूस. बोलताना डोळे भरून यायचे, आणि ते पुसायला हातरुमाल आधीपासून घडी करून मुठीत धरलेला. आम्ही देवाची लाडकी लेकरं आहोत, असं त्यांनी जाहीर केलं. देवानं आमचं काही काढून घेतलं असेल, पण त्याबदल्यात आम्हाला किती दिलंय, असंही म्हणाले. धुळेवाला पुटपुटला, "मेरा तो पट्टे ने लिया. उसने बदले में कुछ नई दिया." मग शेठ मुख्य मुद्द्यावर आले. पाण्यात धोका असतो. कुणाला काही झालं तर मंडळाला जन्मभर चैन पडणार नाही. म्हणून मंडळानं असं ठरवलंय की प्रत्येक स्पर्धकाच्या कमरेला दोर असेल, आणि त्या दोराचं दुसरं टोक पलीकडच्या काठावर मंडळाच्या एका सभासदाच्या हातात असेल. त्या सभासदाला स्पर्धकाचा पालक म्हणायचं. दोर इतपतच पुरत असल्यामुळे अंतर पन्नासऐवजी पंचवीस मीटर. टाळ्या.

मी शिट्टीवाल्या सरांकडे गेलो. ते कुठल्याशा हायस्कूलचे क्रीडाशिक्षक. स्पर्धेचे नियम त्यांच्याकडे होते, म्हणजे एका फायलीत होते आणि फाइल त्यांच्या काखेत होती.

"सर, दोर बांधून पोहतात का कुठं?"

"नुसता धरायचाय. सैल. बुडायला लागलास तरच ओढायचा."

"मी बुडत नाही."

"मग तुला काय त्रास आहे?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. दयेचे सगळे प्रश्न असेच असतात.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी होती, ती सरांच्याही ध्यानात आली नाही आणि माझ्याही. खानदेशातली ही माणसं. आज गादीवर बसत असली तरी लहानपण विहिरीच्या काठावर गेलेलं. यांच्या हातात दोर द्यायचा, दोराच्या टोकाला पाण्यात काहीतरी जड सोडायचं आणि सांगायचं की ओढू नका. त्यांच्या हातांना दोराचा दुसरा उपयोगच ठाऊक नव्हता. त्यातून माझा पालक एक किराणा दुकानदार, धुळेवाल्याचा पालक एक डेअरीवाला, जुना पैलवान, आणि दोघांची सकाळपासून पैज की कुणाचा अपंग पहिला येतो. गुरुजींचं वजन पाहून त्यांच्या दोराला मात्र शेठनी दोन माणसं लावली. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ओढणारे सख्खे भाऊ.

शिट्टी वाजली. मी हात टाकला. दुसरा हात टाकायच्या आत पोटाला असा हिसका बसला की माझं तोंड पाण्याखाली गेलं आणि मी तलावातून निघालो. पोहत नव्हतो, निघालो होतो. किराणावाला हातावर हात टाकून मला वर काढत होता, जशी घागर काढतात. मी हात मारायचो तर हात पाण्यात रुतायच्या आधीच मी पुढं गेलेला असायचो. शेजारी धुळेवाला. त्याचा दोर पैलवानानं काखेखालून घेतला होता, त्यामुळे तो सरळ न येता स्वतःभोवती फिरत येत होता. एकदा पाठ, एकदा तोंड. तोंड वर आलं की एक शिवी ऐकू यायची आणि पुढची अर्धी शिवी पाण्यात जायची. काठावर लोक नाचत होते. "ओढ! ओढ! आला, आला!" पोहा असं कुणीही म्हणत नव्हतं.

आणि आमच्या दोघांच्या मधून, उताणे, डोळे मिटलेले, दोन्ही हात छातीवर जोडलेले, चष्मा जागच्या जागी, गुरुजी गेले. काही न करणारा माणूस पाण्यातून किती सुरेख सरकतो ते मी त्या दिवशी पाहिलं. आम्हाला पोहता येत होतं, हीच आमची अडचण. आमचे हातपाय दोराला आडवे येत होते. गुरुजींचं काहीच आडवं येत नव्हतं. ते ओंडक्यासारखे आले आणि त्यांचं डोकं पलीकडच्या भिंतीला टक्कन लागलं. पहिला नंबर.

जिनिंगच्या भावांनी त्यांना खांद्यावर घेतलं. फोटो निघाला. लाउडस्पीकरवर कॅसेट पुन्हा सुरू झाली, या वेळी तुतारीची. गुरुजींना माइकपुढे खुर्चीत बसवलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. ते शिक्षक, खोटं बोलायची सवय नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाले, "मला पोहता येत नाही."

टाळ्यांचा कडकडाट. शेठ भारावून माइकशी आले. "पाहा! विजयातही केवढा विनय!"

"विनय नाही हो," गुरुजी म्हणाले. "मला खरोखरच पोहता येत नाही."

आणखी मोठ्या टाळ्या.

धुळेवाला आणि मी सरांना गाठलं. त्याचं कंबरडं आणि काखा सोललेल्या, माझ्या पोटावर दोराचा लाल पट्टा. धुळेवाला म्हणाला, "साब, पुना में ये मास्टर डूबेगा. फिर आप किसको भेजोगे, दोनों भाइयों को?" सर म्हणाले निकाल लागलाय, फोटो निघालाय, फॉर्मवर नाव चढलंय. शेठनी आमच्या दोघांच्या खांद्यांवर हात ठेवले. "अरे बाळांनो, माझ्या दृष्टीनं तुम्ही सगळेच पहिले." असल्या वाक्यावर पूर्वी काय करीत असतील कोण जाणे. मी फक्त त्यांचा हात खाली ठेवला.

आम्हाला वाचवलं ते गुरुजींनी. त्यांनी सरांना जवळ बोलावून विचारलं, "पुण्याला दोर असतो का?"

"छे. राज्य स्पर्धा आहे. तिथे कसला दोर?"

गुरुजींनी मान हलवली. खुर्चीतून उतरले, हातांवर सरकत सरकत तलावाच्या खोल बाजूला गेले, कमरेची गाठ सोडली, दोराची नीट गुंडाळी करून बाजूला ठेवली आणि काठावर पाणी पायांशी येईल असे बसले. "शेठजी," ते म्हणाले, आवाज अगदी वर्गातला, "मी पुण्याला जाऊन बुडण्यापेक्षा इथंच बुडतो. इथून आमच्या नरडाण्याला गाडी सोयीची आहे. घरच्यांना न्यायला बरं पडेल."

शेठांच्या हातातला रुमाल खाली पडला. "धरा! धरा त्यांना!"

"कुणी हात लावला तर लगेच उडी मारतो. आधी या दोघांची शर्यत पुन्हा घ्या. बिनदोराची. पन्नास मीटर, जाहिरातीत छापलंय तशी. मी खेळणार नाही."

मग मंडळाची तिथंच उभ्याउभ्या बैठक झाली आणि असा ठराव झाला की दोराशिवाय पोहायला हरकत नाही, मात्र बुडाल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही असं स्पर्धकांनी लिहून द्यावं. एवढा वेळ आम्ही बुडू नये म्हणून डोळ्यांत पाणी आणणारी माणसं कागद शोधायला कशी धावली, ते दृश्य मी आजही मिटल्या डोळ्यांनी पाहतो आणि मला फार बरं वाटतं. आम्ही सह्या केल्या. धुळेवाल्यानं डाव्या हातानं केली आणि शेठना विचारलं, "दूसरे हाथ का अंगूठा भी लगाऊँ क्या? ढूँढना पड़ेगा."

उथळ बाजूनं सुरुवात, खोल बाजूच्या भिंतीला हात लावून वळायचं आणि उथळ बाजूला परत. आम्ही पाण्यात भिंतीला टेकून उभे राहिलो. कमरेएवढं पाणी. हळदीकुंकवाचा लाल तवंग आमच्याभोवती.

"डर गया क्या, केलेवाले?"

"थंडी वाजतेय."

"मेरे कू भी. पर मैं बोलता नई."

शिट्टी.

आता काय सांगू. मी पुष्कळ विहिरींत पोहलो होतो, पण शेजारी असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्याचे दोन्ही पाय पिठाच्या गिरणीसारखे चालायचे. एका हाताचा तो माणूस प्रत्येक हाताला कुशीवर वळायचा, तोंड काढायचा, पुन्हा आत. माझे दोन हात त्याच्या एका हाताला भारी होते, पण त्याचे दोन पाय माझ्या एकाला भारी होते, आणि पंचवीस मीटरपर्यंत हा हिशेब अगदी बरोबरीत राहिला. वळताना मी चांगल्या पायानं भिंतीला असा रेटा दिला की बाहेर आलो तेव्हा पुढे होतो. अर्धा हात, मग एक हात. काठावर या वेळी कोणी नाचत नव्हतं. ओढायला काही नव्हतं म्हणून बहुतेकांना काय करावं सुचत नसावं. फक्त गुरुजींचा आवाज यायचा, "शाब्बास! शाब्बास रे!" तो कुणाला होता ते कळत नव्हतं.

शेवटच्या आठ-दहा मीटरला माझे खांदे संपले. तो आला. आधी आवाज आला, मग पाणी, मग तो. भिंत दिसत होती. मी हात लांब केला आणि माझा हात अजून पाण्यातच असताना मी पाण्याखाली उघड्या डोळ्यांनी पाहिलं. त्याचा उजवा, कोपराशी संपणारा हात भिंतीला लागला. मग माझी बोटं लागली. मग त्याचा डावा हात आला. फरक एवढासा, पण मी बाजूला होतो, मी पाहिलं. तो पहिला होता.

सर वाकून बसले होते. उठले, शिट्टी फुंकली आणि माझ्याकडे बोट केलं. "जळगाव!"

धुळेवाला उभा राहिला. "साब, मैं पहले लगा!"

"लागलास. पण नियमात हाताने स्पर्श असं आहे." सरांनी पहिल्यांदाच काखेतली फाइल उघडली. "हात."

त्यानं उजवा दंड त्यांच्या नाकासमोर धरला. "तो ये क्या है? दुधी भोपळा?"

"तसं नव्हे रे. हात म्हणजे पंजा धरतात. तुझा पंजा नंतर लागला."

अपंगांच्या स्पर्धेत, बिनपंजाच्या माणसाला, पंजा उशिरा लागला म्हणून हरवलं. मंडळातल्या एकालाही यात काही वावगं दिसलं नाही. नियम म्हणजे नियम, असं दोन-तीन जण एकमेकांना म्हणालेसुद्धा. मला बाहेर काढलं, कुणीतरी टॉवेल टाकला, शेठनी झेंडूचा हार घातला. पुण्याचा फॉर्म टेबलावर, सरांनी गुरुजींचं नाव खोडून पेन झटकला. तलावात धुळेवाला तसाच उभा होता, ओठ निळे. तो सरांकडे पाहत नव्हता, शेठकडे पाहत नव्हता. माझ्याकडे पाहत होता.

"बोल ना, केलेवाले. तू तो बाजू में था."

मी लगेच बोललो असं लिहायला मला आवडलं असतं. मी हाराचा वास घेतला. पुणं डोळ्यांसमोर आणलं. एक क्षण असाही विचार केला की पंजा म्हणजे पंजा, यात माझा काय दोष. चोवीस वर्षांत पहिल्यांदा एक नियम माझ्या बाजूनं उभा होता. सरांनी पेन फॉर्मवर टेकवला आणि माझं नाव विचारलं.

"तो आधी लागला," मी म्हणालो.

"काय?"

"मी पाहिलं. तो आधी लागला. पहिला तो."

शेठांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे पुन्हा भरले. ते माइककडे निघाले तेव्हाच मला अंदाज यायला हवा होता. "मित्रहो! हे मन पाहा! स्वतः जिंकूनही हा गरीब जीव आपला विजय मित्राला अर्पण करतोय! देवानं पाय घेतला, पण काळीज केवढं दिलं!" लोक उभे राहिले. एका बाईंनी डोळ्याला पदर लावला. मी ओरडलो की अर्पण वगैरे काही नाही, तो खरंच जिंकलाय. टाळ्या वाढल्या. शेठ म्हणाले, "नाही बेटा. तुझा त्याग मंडळ वाया जाऊ देणार नाही. पुण्याला तूच जाशील." सरांनी मान डोलवली आणि पुन्हा माझं नाव विचारलं.

मघाशी गुरुजींचं झालं तेच माझं झालं. खरं बोलून तिथं काही उपयोग नव्हता. आमच्या तोंडून निघालेलं खरं त्या मांडवात पोचेपर्यंत थोरपण होऊन जात होतं. तेव्हा मी माइकच्या तोंडाशी तोंड नेलं आणि म्हणालो, "मी पाय टेकवला."

सरांनी पेन फॉर्मवरून उचलला.

"शेवटच्या उथळ पाण्यात चांगला पाय तळाला टेकवून रेटा दिला. दोनदा. लबाडी केली."

मी असं काही केलं नव्हतं. त्या मांडवात सकाळपासून निघालेल्या शब्दांतला हा एकटा धादांत खोटा शब्द, आणि त्यावर कुणीही एक प्रश्न विचारला नाही. सरांनी विचारलं नाही, ते तर वाकून पाहत होते. शेठांनी विचारलं नाही. मोठं काळीज जितक्या झटकन मला मिळालं होतं त्याहून झटकन परत गेलं. शेठ जवळ आले, दोन्ही हातांनी माझ्या गळ्यातला हार वर उचलला, माझ्या ओल्या कानांत तो अडकला, तो त्यांनी सोडवला, आणि काठाशी जाऊन तोच हार पाण्यात उभ्या असलेल्या धुळेवाल्याच्या गळ्यात घातला. मागून कुणीतरी म्हणालं, "यांच्यासाठी कितीही करा." फॉर्मवर नाव चढलं.

मी कोपऱ्यात बसून कॅलिपरचे पट्टे आवळत होतो तेव्हा धुळेवाला आला. मला वाटलं हात पुढे करेल. तो समोर उभा राहिला आणि डोळे बारीक करून म्हणाला, "पैर टेका तूने?"

"नाही रे. खोटं सांगितलं. नाहीतर तुला पाठवलं नसतं."

"दो बार टेका."

"एकदाही नाही!"

"पैर टेक के भी मेरे से पीछे!" आणि तो पोट धरून हसायला लागला. "या अल्ला! पैर टेक के भी! केलेवाले, तेरे कू शरम नई आती?"

मी शपथा घेतल्या. गुरुजींना साक्षीला बोलावलं. गुरुजी म्हणाले, "भाऊ, मी डोळा मिटी लिन्हा व्हता."

धुळेवाला पुण्याला गेला आणि तिथं चौथा आला. पाणी गरम होतं म्हणून, असं त्याचं म्हणणं. आमची दोस्ती मात्र पक्की झाली, आणि ती या एका खोट्यावर उभी राहिली. जळगावला कापडाच्या कामानं आला की तो माझ्याकडे उतरायचा आणि चहा यायच्या आत कुणाला तरी सांगायचा की हा तो, पाय टेकवून हरलेला. मी त्याच्या भावाच्या लग्नाला गेलो तर मांडवात नवऱ्याच्या सासऱ्याला माझी ओळख याच शब्दांत. माझ्या लग्नात त्यानं ते माझ्या बायकोला सांगितलं. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "टेकवला असंल. मले पटतं."

परवा त्याला फोन करून सांगितलं की मी आता हे सगळं लिहून काढणार, छापणार, आणि लोकांनाच ठरवू देणार. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, "लिख. पर ये भी लिखना कि हारा."

लिहितो. हरलो. पाय न टेकवता हरलो.